काकांनी न काढलेले चिमटे

मालाडच्या आमच्या दवाखान्यात ईसीजी काढणारे एक काका आहेत. मशीनमधून ईसीजीची पट्टी निघाली की पेशंटच्या हातापायांचे चिमटे भराभर काढायचे, छातीवरची जेल पुसायची आणि "चला, झकास!" म्हणायचं, ही त्यांची सवय. मी घरातला पहिला शिकलेला. त्यांनी "डॉक्टरसाहेब" म्हटलं की अजून संकोचतो.

एकदा एक मासेवाली मावशी जबडा दुखतो म्हणून आली. हृदयाचं दुखणं कधी जबड्यातही येतं, म्हणून ईसीजी काढला. पट्टी मला ठीक वाटली आणि मी 'नॉर्मल' लिहिलं. काकांनी मात्र चिमटे काढलेच नाहीत.

"सोड रं! बाहेर पाटीतला बर्फ वितळतोय," मावशी ओरडली.

"पडून राहा ना मावशी, मासे काय पळतायत?" म्हणत काकांनी पट्टीवर एका जागी नख टेकवलं. तिथं रेघ केसभर खाली बसली होती. दहा मिनिटांनी काढलेल्या दुसऱ्या पट्टीत हार्ट अटॅक स्पष्ट दिसला. मी 'नॉर्मल' खोडलं.

मावशी वाचली. काका माझ्या चुकीबद्दल कुणाला काही बोलले नाहीत. तेव्हापासून सही करण्याआधी मी त्यांच्या हातांकडे बघतो.

आज ते रजेवर आहेत. समोरची पट्टी मला ठीक वाटतेय.

"जाऊ घरी?" पेशंट विचारतो.

"दहा मिनिटं पडून राहा," मी म्हणतो.