गोळी अडवते का?

भंडाऱ्यात राहून मी भाषांतराची कामं करते. रक्त पातळ ठेवायची गोळी घेणारे रुग्ण उपचाराबद्दल किती समाधानी आहेत, हे विचारणारी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायचं काम आलं. भाषांतर झालं की ते काही रुग्णांना वाचून दाखवायचं आणि त्यांना काय समजलं ते विचारायचं, अशी अट होती. म्हणून अड्याळजवळच्या एका गावात गेले.

तिथली बाई चाळिशीतली. हृदयाची झडप बदलल्यापासून तिला ही गोळी रोज घ्यावी लागे. नवरा तळ्यात मासे धरायचा. तोही शेजारी जाळं शिवत बसला होता.

मूळ प्रश्नात व्यायाम, खेळ आणि नाच होता. मी त्याऐवजी रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आणि कापणी घातली होती. वाचलं, "रक्त वाहील या भीतीनं अशा मेहनतीच्या कामांवर किती बंधन येतं?"

"बंधन म्हंजे?"

"म्हणजे गोळी तुम्हाला कामापासून अडवते का?"

"गोळी कायले अडवन? हे अडवतेत." तिनं नवऱ्याकडे मान केली. "मांगच्या सालापासून शेतात जाऊ देत नाई. साऱ्या बाया रोवण्याले जातेत, अन् मले घरी बसवून ठेवतेत."

त्यानं सुई खाली ठेवली. "कापणीत हिले इळा लागला होता, म्याडम. फडकं बांधलं, ते भिजलं. दुसरं बांधलं, तेही भिजलं. फटफटीवर मधात बसवली, भावानं मांगून धरली, अन् भंडाऱ्याले आणली. माझी पाठ पुरी रक्तानं ओली झाली होती."

बाई त्याच्याकडे वळली.

"पाठीचं मले कधी सांगतलं नाई."

"तू बेसुध होती. मंग सांगून काय कराचं?"

मी प्रश्नावली मिटली. तिनं उठून चहा ठेवला.

घरी येऊन मी 'बंधन' काढलं, 'अडवते का' ठेवलं, आणि झालेलं बोलणं टिपणात लिहिलं. काम देणाऱ्यांनी शब्द मान्य केला. घरच्यांची भीती मात्र या प्रश्नावलीत बसत नाही, असं कळवलं. त्यांचंही बरोबर होतं. पण मला जरा वाईट वाटलं.

पुढच्या रक्ततपासणीला नवराच डॉक्टरांना विचारून आला. विळा धरायचा नाही, रोवणा चालेल, लागलं तर घट्ट दाबून लगेच दवाखान्यात यायचं, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्यानं मला फोनवर कळवलं.

आषाढात मी सहज फोन केला. त्यानं उचलला. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता.

"ताई कुठं आहेत?"

"बांधीत. रोवणा करून राहिली."

"आणि तुम्ही?"

"मी धुऱ्यावर बसलो," तो शेताच्या बांधावरून म्हणाला. "बाया हासून राहिल्या मले. हासू द्या."