पेला हलवायचा असतो

आखातातल्या या शहरात, दस्मान भागातल्या एका पेशंटच्या घरी आज वेलदोड्याची अरबी कॉफी समोर आली आणि त्या वासासरशी मला शिकाऊ डॉक्टर म्हणून इथे काढलेला महिना आठवला. एका म्हाताऱ्याच्या हृदयाच्या ठोक्यांत बारीकसा जादा आवाज मला सापडला होता. पुण्याहून सोबत आलेल्या मीनलला मी तो हौसेने ऐकवला. राऊंडला तिने तो स्वतःचा म्हणून सांगितला. राऊंड घेणाऱ्या सरांनी खूश होऊन दोघींना कॉफी पाजली.

"तू बोलतच नव्हतीस गं," ती पुटपुटली.

पुरे असेल तर रिकामा पेला हलवायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. सर ओतत राहिले, मी ती कडू कॉफी पीत राहिले. मीनलने मात्र दुसऱ्याच पेल्याला तो हलवून खाली ठेवला.

ठोक्याचं मी कधीच सोडून दिलं असतं. पण शेजारी बसून पेल्याचं तेवढं तरी सांगायचं होतं तिने.