संदर्भासाठी दोन नावं

झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करणाऱ्या पोरीला मी म्हणालो, "बायोडाटा करायचा आहे." तिनं विचारलं, कोणाचा? मी म्हणालो, माझाच. तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "दुसरं का, काका?"

मला वाटलं, कामाबद्दल विचारते आहे. "हो," मी म्हणालो. "पहिलं वीस वर्षांच्या वर चांगलं चाललं. मग बंदच पडलं."

"होते असं," ती म्हणाली आणि टाइप करू लागली. शिक्षण विचारलं, उंची विचारली, मामाचं गाव विचारलं. मामाच्या गावाशी नोकरीचा काय संबंध, असं मनात आलं होतं. पण सूतगिरणीत चिकटलो तेही मामाच्याच ओळखीनं, म्हणून सांगून टाकलं. शेवटी तिनं विचारलं, कशी पाहिजे? मी म्हणालो, फार काही नाही, जवळपासची असावी, टिकणारी असावी.

चष्मा घरी राहिला होता. कागदाची घडी केली आणि घरी आलो. बायकोनं तो उघडून वाचला. वर गणपती, खाली रास, देवक, रंग गहूवर्णी, आणि अपेक्षांच्या रकान्यात जवळपासची, टिकणारी. ती शांतपणे म्हणाली, "पहिलीचं काय केलं, ते लिवलंच नाही."

हसण्यासारखं तेवढंच होतं. सूतगिरणीच्या फाटकाला कुलूप लागून वर्ष उलटून गेलं होतं. मी टाइम ऑफिसात होतो. कामगार कधी आला, कधी गेला, हे लिहून ठेवणं माझं काम. शेवटच्या दिवशी सगळे एकदमच गेले, ते लिहायला कोणी सांगितलं नाही. त्यानंतर मी बुलढाण्यातली बहुतेक दुकानं पालथी घातली. पन्नाशी ओलांडलेला माणूस काम मागायला आला की मालक त्याला खुर्ची देतो, पाणी देतो, घरच्यांची विचारपूस करतो. काम तेवढं देत नाही.

घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं होतं. पोरगी अमरावतीला शिकत होती. तिचं शेवटचं वर्ष पुरं होणार की तिला मधूनच घरी आणावं लागणार, हे माझ्या नोकरीवर होतं. ही गोष्ट घरात कोणी बोलत नव्हतं. फोनवर पोरगी आता जेवणात काय होतं तेही सांगेनाशी झाली होती.

अशात चिखली रोडवरच्या एका निवासी शाळेत स्टोअरकीपर पाहिजे, असं कळलं. दुसरा कागद आमच्या पोरीनंच फोनवरून करून घेतला. तिच्या कॉलेजात हे शिकवतात म्हणे. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही कोण होतात ते नका लिहू, काय केलं ते लिहा. एकाच पानात बसवा. वय आणि आजार कोणी विचारल्याशिवाय सांगू नका. मी ऐकलं सगळं, पण छापायला देताना जन्मतारीख टाकली आणि खाली प्रकृतीसमोर रक्तदाब, गोळी चालू, असंही टाकलं. उद्या कोणी म्हणायला नको की लपवलं. आमच्या घराण्यात खरेपणाची हौस फार. जमीन कोणाच्या नावावर नाही, पण ही आहे.

पोरीनं सांगितलं होतं, शेवटी ओळखीच्या दोन माणसांची नावं आणि फोन नंबर द्यायचे. शाळावाले त्यांना फोन करून तुमच्याबद्दल विचारतात. एक नाव आमच्या जुन्या मॅनेजरचं दिलं. दुसरं देऊळघाटच्या माझ्या दोस्ताचं. तो गिरणीत वजनकाट्यावर होता. मी त्याला भाई म्हणतो, तो मला भाऊ. नाव टाकायच्या आधी विचारावं म्हणून त्याच्या घरी गेलो, तर तो हसायलाच लागला. त्यानंही अर्ज केला होता. त्याच शाळेत, त्याच जागेसाठी. आणि संदर्भासाठी नाव दिलं होतं माझं.

चहा झाला. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "भाऊ, माह्याबद्दल काय बी सांगा. फक्त डोयाचं नका सांगू."

साखरेनं त्याची नजर खाल्ली होती. गिरणीच्या शेवटच्या महिन्यांत काट्यावरचे आकडे तो ट्रकवाल्याला मोठ्यानं वाचायला लावायचा आणि मान हलवायचा. हे मला माहीत होतं. त्याच्या घरी तीन पोरी, धाकटी शाळेत.

आठवड्याभरानं शाळेच्या अधीक्षक मॅडमचा फोन आला. माझ्याबद्दल नव्हे, भाईबद्दल. माणूस कसा आहे, प्रामाणिक आहे का, हे विचारलं. ते सगळं मी खरं सांगितलं आणि जरा लांबवूनच सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "नजर कशी आहे त्यांची? स्टोअरमध्ये लेबलं वाचायची असतात."

बायको समोर मशीनवर बसली होती. तिचा पाय थांबला.

"मॅडम," मी म्हणालो, "सुईत दोरा ओवतात ते."

जागा भाईला मिळाली. तो पेढे घेऊन आला. म्हणाला, मलाही तुमच्याबद्दल फोन आला होता, मी खरं तेच सांगितलं, माणूस चोख, बोलणं लांब. मी हसलो. बायकोनं पेढा देवापुढं ठेवला आणि पुन्हा शिवायला बसली. त्या रविवारी मी पोरीला फोनवर सांगितलं, दुसरीकडे बघतो आहे. ती म्हणाली, बरं पप्पा. माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच म्हणाली.

भाईची नोकरी दीड-दोन महिने टिकली. एका सकाळी स्वयंपाकघरातून मीठ मागितलं आणि त्यानं धुण्याच्या सोड्याची पिशवी दिली. आमटीत चिंच होती. सोडा पडला तशी आमटी फसफसून पातेल्याबाहेर आली, म्हणून बरं. कोणा लेकराच्या पोटात गेली नाही. पण जेवायला बसलेली पोरं ताटं घेऊन तशीच उठली, आणि दुपारपर्यंत भाईला घरी पाठवलं.

संध्याकाळी मॅडमचा मला फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. त्या म्हणाल्या, "जागा आता परत रिकामी झाली आहे. तुमचा अर्ज आमच्याकडे आहेच. तुम्हालाच बोलावलं असतं. पण ते सुईत दोरा ओवतात, असं तुम्हीच सांगितलं होतं. आता तुमच्या कागदावरचं तरी आम्ही खरं कसं धरायचं?"

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी देऊळघाटला गेलो. भाई ओट्यावर बसला होता. त्याची धाकटी त्याच्या डोळ्यांत थेंब टाकत होती. मी जवळ जाऊन बोलेपर्यंत त्यानं मला ओळखलं नाही. "तुमच्यावर आलं, नाही का भाऊ?" एवढंच त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. मग आम्ही बराच वेळ पावसापाण्याचं बोललो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या तेही, जे मी आदल्या दिवशी गिळलं होतं. ती एका ब्लाऊजला हुक लावत होती. दोरा तोडून तिनं तो बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"इतकं साजरं खोटं बोलता येते तुमाले," ती म्हणाली. "एखाद बार आपल्या पोरीसाठी काऊन नाही बोलले?"