दारापासून दुसरी गंजी

रखवालदाराच्या डाव्या हातावर पहिली काठी पडली तेव्हा माझ्या मुठीत पत्र्याची एक चकती होती. तिच्यावर मीच खिळ्यानं ठोकून पाचचा आकडा काढला होता. मूठ तेव्हाच उघडली असती तर पुढच्या काठ्या पडल्या नसत्या, असं मला आजही वाटतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याची शेवटची वर्षं होती. मी परभणीत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. सरांनी एक छोटा कंट्रोलर करायला दिला होता आणि तो पाथरीकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, बसवायचा होता. कापसाच्या गंजीत ठिणगी गेली की वरून काही दिसत नाही, आत धुमसत राहतं. म्हणून दारापासून मागेपर्यंत ओळीनं लावलेल्या सहा गंज्यांत सहा लोखंडी पाइप, प्रत्येकाच्या टोकाला तापमान ओळखणारी चिप आणि मागे नंबराची चकती. वायरी ऑफिसातल्या कंट्रोलरच्या बोर्डाला. आत तापलं की घंटी वाजून नंबर दिसायचा.

बोर्डाला आपणहून काही कळत नाही. कोणत्या वायरीवर कोणती चिप, ती कुठे बसवली आहे, किती तापल्यावर घंटी वाजवायची, हे तक्त्यात लिहून त्याच्या मेमरीत घालावं लागतं. तक्ता म्हणेल तेच खरं. मी लिहिलं: एक नंबर, दारापासून पहिली गंजी, दोन नंबर, दारापासून दुसरी. तोच तक्ता कागदावर उतरवून मालकांच्या टेबलामागे चिकटवला.

पाइप खुपसले रखवालदारानं. मी वायरी जोडत बसलो, जाऊन पाहिलं नाही. त्या जिनिंगमध्ये कशाचीही मोजणी मागच्या लिंबाखालच्या शेंदरी दगडापासून सुरू व्हायची. पहिली गंजी देवाची, म्हणून एक नंबरचा पाइप त्यानं लिंबाकडच्या टोकाच्या गंजीत घातला. मला हे कुणी सांगितलं नाही, कारण तिथे ती सांगायची गोष्टच नव्हती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी घंटी वाजली. नंबर दोन. मालकांनी कागद पाहून सगळी माणसं दारापासून दुसऱ्या गंजीवर घातली. रखवालदार धावत आला, वास मागून येतोय म्हणाला, लिंबाकडून दुसरी फोडा म्हणाला. त्याला ढकलून दिलं. गंजी उपसली तर आत कापूस थंडगार. पाइप माझ्या पायाशी येऊन पडला. चकतीवर दोन नाही, पाच. मी ती उपटून मुठीत धरली, आणि तेवढ्यात लिंबाकडून दुसरी गंजी आत खचली आणि भडकली. शेजारचीही गेली.

आग आटोक्यात आल्यावर मालकांच्या पुतण्यानं रखवालदाराची गचांडी धरली.

"मशीनला कळलं न्हाई, ते तुला कसं कळलं?"

"वास आला, मालक."

रखवालदार बौद्ध वस्तीतला. विद्यापीठाला नाव पाहिजे आणि आमची जिनिंग जाळायलायस का, असं म्हणत पुतण्यानं काठी घातली. मग दोघं-तिघं तुटून पडले. तो खाली पडला, तरी लाथा थांबेनात. त्याच्या कानातून रक्त आलं. मी सरांचा विचार करत होतो, डिग्रीचा, बापाचा. मग हाताचं हाड मोडल्याचा आवाज आला. वाळलेली फांदी मोडावी तसा.

"मारू नका," मी म्हणालो. "माझा तक्ता चुकलाय."

पुतण्यानं माझ्या कानाखाली लावली. "आपला असून त्याच्यासाठी खोटं बोलायलास?"

मी मूठ उघडली. मालकांनी चकती उलटीपालटी करून पाहिली, ऑफिसात गेले आणि कागद फाडून बाहेर आले. बस करा, एवढंच म्हणाले. पडलेल्या माणसाला कुणी हात लावला नाही. मी आणि एका जीपवाल्यानं त्याला परभणीच्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "तुमी कुठून मोजलं?"

"दारापासून."

त्यानं प्लास्टरकडे पाहिलं. "देव त्यांचा, मोजणीबी त्यांचीच. मी तर नुसती पाळली." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चकती कवा सापडली व्हती तुमाला?"

मी खरं सांगितलं. पहिल्या काठीच्या आधी.

त्यानं मान भिंतीकडे वळवली. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होतो.