मामांनी कापलेली राणी

आमच्या मामांनी जन्मात एका सिनेमाला चांगलं म्हटलेलं नाही. खरं तर त्यांनी कशालाच चांगलं म्हटलेलं नाही. पण भरीत, जावई आणि ऊन यांना नावं ठेवणारे जळगावात पुष्कळ आहेत. सिनेमाला नावं ठेवायचा हक्क मात्र मामांनी नोकरी करून मिळवलाय. इथल्या एका टॉकीजमध्ये ते तीस वर्षं प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते. एकेक सिनेमा त्यांनी दिवसातून चार-चार वेळा पाहिलाय, आणि इतक्या वेळा पाहिल्यावर देवसुद्धा चांगला वाटणार नाही. आजही थेटरात बसले की ते पडद्याकडे कमी आणि मागच्या खिडकीकडे जास्त बघतात. ‘आत माणूस नाही, बटण आहे’ असं मोठ्यानं म्हणतात आणि शेजारच्याच्या तिकिटाची माती करतात.

त्यांच्या वेळी सहाचा खेळ सुटायच्या आत चोपड्याची शेवटची बस निघून जायची. केळीवाली मंडळी अर्ध्यातून उठायला लागली की मालक चिडायचा. मामांनी त्यावर तोड काढली होती. सहाच्या खेळात ते मधलं एक रीळ लावायचेच नाहीत. हिरो तापानं फणफणायचा आणि पुढच्या क्षणी बोहल्यावर उभा राहायचा, पण पब्लिकची तक्रार नसे, कारण बस मिळायची. ही खोड मामांच्या हाडात मुरली. मंगलाष्टका लांबल्या की ते भटजींना ऐकू जाईल असं म्हणतात, ‘यातलं मधलं एक रीळ काढलं तरी कोणाला कळायचं नाही.’ एका शोकसभेत तर त्यांनी वक्त्याला घड्याळ दाखवलं होतं, आणि वक्ता मयताचा सख्खा भाऊ होता!

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मामी शेजारणींबरोबर नवऱ्याच्या टॉकीजमध्ये एका राणीचा सिनेमा बघायला गेल्या, नेमक्या सहाच्या खेळाला. राणीवर आळ आलेला. तिला दरबारात बोलावलेलं. आता ही काय उत्तर देते म्हणून बायका श्वास रोखून बसल्या, आणि एकदम राणी जंगलात, अनवाणी! मामांनी दरबाराचं रीळच उडवलं होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सिनेमा बदलला. ‘मनी राणी कापी टाकी तुम्ही!’ म्हणत मामी दोन दिवस जेवल्या नाहीत. पुढं चाळीस वर्षं, चांगला मूड बघून, त्या विचारत राहिल्या, ‘दरबारमा काय बोलनी हो ती?’ आणि चाळीस वर्षं मामांचं एकच उत्तर, ‘काही नाही. चहा टाक.’

इथवर हसायला ठीक आहे. पुढचं सांगताना माझा अजून संताप होतो. चार-पाच वर्षांपूर्वी मामी म्हणायला लागल्या की दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. डॉक्टरकडे न्यावं की नाही? मामांनी बल्ब बदलला. कडं जाईना, तेव्हा होल्डर बदलला, मग ट्यूबलाइट आणली. उभं आयुष्य दिव्यामागं काढलेला माणूस. चित्र बिघडलं की दोष दिव्याचा, ही त्यांची श्रद्धा. घरात लग्नघरासारखा उजेड करून ठेवला आणि मामी भिंतीला धरून चालायला लागल्या. शेवटी भुसावळच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, फार उशीर केलात. दृष्टी गेली ती गेलीच.

परवा त्याच राणीवर नवा सिनेमा आला. मामींनी हट्ट धरला, ‘दिसत नाही तं काय झालं? माले ऐकायचं शे.’ मी गाडी काढली. दोघं आयुष्यात पहिल्यांदाच शेजारी बसून सिनेमा बघत होते; नोकरीत असताना मामा कायम वरच्या केबिनमध्ये, आणि नंतर गेले ते माझ्याबरोबर.

सिनेमा दिसायला काय होता म्हणून सांगू! हजारो पणत्या, तळ्यात उतरलेला महाल, राणीच्या शालूची जर तर हात लावून बघावी अशी. आणि आत? आत काही नाही. राणी चालते, राणी वळते, राणीचा पदर उडतो. मेल्यांनी एवढा खर्च केला, चार वाक्यं लिहायला माणूस मिळाला नाही! डोळस माणसांची निदान आरास बघून करमणूक झाली, मामींच्या वाट्याला नुसते ढोल आले. अखेर दरबार भरला. कॅमेरा राणीच्या डोळ्यांभोवती घिरट्या घालायला लागला, पण ती मेली तोंड उघडेना.

‘आते बोलनी का ती?’ मामींनी विचारलं.

मामा खाली वाकले आणि मामींच्या कानाशी बोलायला लागले, ‘बोलतेय. म्हणते, मी सांगत होते, मला अंधारून येतंय. तुम्ही माझं ऐकलं नाही. तुम्ही दिवे बदलत बसलात. चूक दिव्यांची नव्हती, महाराज. तुमची होती.’

पुढच्या रांगेतून कोणीतरी ‘ओ काका, गप बसा’ म्हणून ओरडलं. मामांचं लक्ष नव्हतं. मामी हळूच म्हणाल्या, ‘मंग राजा काय बोलना?’

‘काही नाही. मान खाली घालून उभा आहे.’

बाहेर आल्यावर मी मामांना बाजूला घेऊन विचारलं, ‘जुन्या रिळात खरंच असं काही होतं?’

‘काही नव्हतं रे,’ मामा म्हणाले. ‘तिथंही नुसत्या मशाली अन् हत्ती. राणी मुकीच. म्हणून तर तेच रीळ काढायचो. आता हिला कोणत्या तोंडानं सांगू?’

गाडीत बसल्यावर मामींनी विचारलं, ‘कसा व्हता हो सिनेमा?’ मामांनी खिडकीबाहेर बघत ‘चांगला होता’ म्हटलं. मी आरशात त्यांच्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

आता दुपारी कामं आटोपली की मामी दरबाराचं तेवढं सांगायला लावतात. मामा पुढ्यात बसून सांगतात, मी सांगत होते, मला अंधारून येतंय, इथपासून सगळं. एक शब्द गाळत नाहीत.