मागच्या रांगेतले तीन ड्रम

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा माझी नांदेडहून इथे बदली झाली. त्यात दुष्काळ. गल्लीत बारा घरं आणि नळ कोरडा. शेजारी भुसार व्यापारी होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. औशाच्या रस्त्याला त्यांचं शेत, शेतात विहीर. त्यांच्या पिकअपला दोनचाकी ट्रॉली जोडून आम्ही दर चार दिवसांनी दोनशे लिटरचे बारा ड्रम आणायचो. मधले चार दिवस त्यावरच काढायचे.

ड्रमवर घरांचे नंबर मी घातले होते. आधी उतरायचा तो मागे, म्हणून पहिल्या घराचा ड्रम ट्रॉलीच्या शेपटाला आणि बाराव्याचा पुढे, हुकाजवळ. तीन-तीनच्या चार रांगा, चाकं बरोबर मध्यावर. भरायचेही नंबरानेच, कुणाची कुरकुर नको. माझं घर दुसरं.

त्या दिवशी विहिरीने नऊच ड्रम दिले. पुढचे तीन रिकामे ठेवून निघालो.

पहिल्याच उतारावर ट्रॉली झुलायला लागली. पिकअपचं मागचं अंग तिच्यामागे इकडून तिकडे ओढलं जात होतं. अण्णांनी ब्रेकवर पाय दिला नाही. गाडी हळूहळू मंदावू दिली आणि कडेला घेतली.

"सायेब, उलाळ भरली की हो!" ते खाली उतरून म्हणाले. "बैलगाडीत मागं वजन झालं की जू वर जातंय, तसं हूक माझ्या गाडीचं बूड उचलून राहिलाय. त्योबी गाडीच्या मागल्या चाकापासून दोन हात मागं लावलेला. हितं चाकाच्या डोक्यावर असता तर इतका नाचला नसता."

"नंबरानेच भरलं होतं," मी म्हणालो.

"ट्रॉलीला नंबर कुठं वाचता येतेत?"

भरलेला ड्रम दोघांना हलेना. मागच्या तिन्हींतलं पाणी पंधरा लिटरच्या बादलीने पुढच्या तीन ड्रमांत ओतलं. चाळीस बादल्या. त्यातल्या तीन रस्त्यावर सांडल्या. नंतर गाडी सरळ चालली.

गल्लीत पहिल्या घरच्या काकूंनी आपल्या ड्रमात वाकून पाहिलं. "आमच्या नंबरात वारा आणला व्हय?"

बाराव्या घरचे म्हणाले, "आमच्या ड्रमात हाय ते आमचं."

मी थकलो होतो. भांडायचं बळ नव्हतं. नंबर विसरा म्हणालो आणि त्याच बादलीने मोजायला बसलो. प्रत्येक घराला दहा बादल्या. अकरा घरांच्या पूर्ण दिल्या. शेवटी आमच्या ड्रमात सात पडल्या.

बायको दारातच उभी होती. "चार दिवस कसे काढायचे?"

"धुणं राहू दे," मी म्हणालो.

भिजवलेले कपडे तिने पिळून तसेच दोरीवर टाकले.