तीनशे चाळीस नंबरचा दिवा

आधीच सांगते, भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी करमणूक म्हणून वाचते आणि वाचून झाल्यावर हसते. भानामती, अंगात येणं, पांढऱ्या साडीतली बाई... यातलं काहीही मी आजवर मानलेलं नाही. मी लातूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. गाडी लागली की नोंद, सुटली की नोंद. नोंद नसेल तर माझ्या लेखी गाडी आलीच नाही. सव्वीस वर्षं हेच काम केलं. माझ्यासारख्या बाईनं इथं लिहायला बसावं हेच मला पटत नाही. पण घाबरले म्हणून लिहीत नाहीये. राग आलाय म्हणून लिहितेय, आणि तो चार महिने झाले तरी उतरत नाही.

आमचं गाव नायगाव तालुक्यात. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ दिगंबरकाका लग्नानंतर दीड वर्षात कोळशाच्या खाणीवर कामाला गेले. तेव्हा आमच्या भागातली पुष्कळ माणसं ठेकेदारामार्फत किनवटच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीत खाणींवर जायची. ही पंचावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट, माझा जन्मही झालेला नव्हता. अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी खाणीत छत कोसळलं. तीन प्रेतं वर आली. काकांचं आलं नाही, काकाही आले नाहीत. आठवड्यानं त्यांच्याच खोलीत राहणारा हणमंत, बिलोलीचा, त्यांची पेटी घेऊन आमच्या दारात आला. पेटीत कपडे, नवी चप्पल आणि एक पितळी बिल्ला होता. बिल्ल्यावर आकडा कोरलेला होता, ६१२.

हा बिल्ला काय असतो ते सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. खाणीत प्रत्येक कामगाराला एक नंबर आणि त्या नंबरचा बिल्ला. खाली उतरताना दिवाघरात बिल्ला द्यायचा आणि त्याच नंबरचा दिवा घ्यायचा. वर आलं की दिवा परत, बिल्ला परत. दिवाघरात बिल्ला अडकवलेला दिसला की समजायचं, माणूस खाली आहे.

मोठीआईला, म्हणजे काकांच्या बायकोला, यातलं काही माहीत नव्हतं. वीस वर्षांची पोरगी ती. सासऱ्यांना घेऊन खाणीवर गेली आणि तो बिल्ला तिनं पुरावा म्हणून कारकुनासमोर ठेवला... माझा माणूस तुमच्याकडं कामाला होता, हे बघा. कारकुनानं एकदा बिल्ल्याकडं पाहिलं आणि म्हणाला, बिल्ला घरी, म्हणजे माणूस खाली उतरलाच नाही. गेला असेल पळून.

झालं. तिनंच हातानं नेऊन दिलेल्या वस्तूनं तिचा नवरा पळपुटा ठरला. पुढची पंचावन्न वर्षं ती ना विधवा, ना सवाष्ण. हळदीकुंकवाला बायका तिच्यापाशी येऊन थबकायच्या, एकमेकींकडं बघायच्या. माझी आई भांडणात हमखास म्हणायची, "आले की विचारा त्यांना, दुसरा संसार कुठं थाटला." मीही काही वेगळी नव्हते. कॉलेजात असताना मी तिला तोंडावर म्हटलं होतं, गेला तो गेला, आता विषय बंद कर. ती एवढंच म्हणाली, "पळणारा माणूस नवी चप्पल सोडून जात न्हाई."

गेल्या वर्षी कुणीतरी फोनवर व्हिडिओ पाठवला. ती खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती, आता तिचं वारसास्थळ केलंय. तिकीट काढून खाली उतरता येतं. आणि वर एक भिंत बांधलीय, खाणीत मेलेल्या कामगारांच्या नावांची. कुणाचं नाव राहिलं असेल तर नातेवाइकांनी अर्ज करावा.

"नंदे, मला तिकडं ने," मोठीआई म्हणाली. "त्याचं नाव लावायचंय."

"लागणार नाही. कागद कुठाय आपल्याकडं?"

"बिल्ला हाय की."

"त्या बिल्ल्यानंच तर वाटोळं केलं ना."

"मग तू भांड. डेपोत दिवसभर लोकांशी भांडतीस, तसं एक दिवस माझ्यासाठी भांड."

दोन दिवसांची रजा टाकली, नांदेडहून गाडी केली आणि सकाळी अकराला तिथं पोचलो.

जाताच डोकं फिरलं. कोळशाच्या जुन्या वॅगनींमध्ये शेवंतीची रोपं. हेल्मेट घालून फोटो काढायला एक रंगीत चौकट. तिकिटाबरोबर प्रत्येकाला प्लॅस्टिकचा बिल्ला, खेळण्यातल्यासारखा. पोरं ते गळ्यात घालून हिंडत होती.

दिवाघरात खाजामियाँ भेटले. देगलूरचे, सत्तरीचे, त्याच खाणीच्या दिवाघरातून निवृत्त झालेले. आता तिथंच गाइड. मोठीआईनं कमरेची पिशवी सोडून बिल्ला दिला, तसे ते उठून उभे राहिले.

"बसा अम्मा. हा तर असली हाय. आमच्याकडं बी इतका साबूत न्हाई राहिला."

मॅनेजर मात्र पस्तिशीचा, गोड बोलणारा. पाणी दिलं, एसी वाढवला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, टोकन तुमच्याकडे आहे ना? म्हणजे ते त्या दिवशी अंडरग्राउंड नव्हते. सिस्टिमच तशी होती."

तेच वाक्य. मोठीआईनं माझ्याकडं पाहिलं. तिनं ते एकदा ऐकलेलं होतं.

एवढ्यावर तो थांबला नाही. "पण हे टोकन आमच्या डिस्प्लेला द्याल का? खाली तुमच्या नावाची छान पाटी लावू, देणगीदार म्हणून."

म्हणजे मेलेल्याचं नाव भिंतीवर चालणार नाही, आणि त्याचा बिल्ला काचेत चालेल. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. मोठीआईनं बिल्ला उचलून पिशवीत घातला आणि दोरी करकचून आवळली.

बाहेर आल्यावर मला घरी निघायचं होतं. ती म्हणाली, "तिकिटं काढलीस नव्हं? मग बघून ये. तो कुटं उतरायचा ते तरी बघ. मी बसते हितं." तिचे गुडघे पायऱ्या उतरण्यातले राहिले नाहीत. ती दिवाघरातल्या बाकावर बसली आणि मी खाजामियाँच्या तुकडीबरोबर खाली गेले. आम्ही नऊजण होतो. डोक्याला दिवा, हाताला दोर, उतरत जाणारा बोगदा, शेवटी एक सपाट गल्ली. पुढं लोखंडी जाळी लावून बंद केलेलं. हवा दमट, छताला टेकू दिलेल्या लाकडांना बुरशी.

खाजामियाँनी सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले. एक मिनिट. "अपना हात नाकासमोर धरा. दिसतो का बघा."

नाही दिसत. दिवसाचे बारा वाजले होते आणि हात दिसत नव्हता. मी रांगेत सगळ्यात डावीकडं होते, माझा डावा खांदा भिंतीला टेकलेला. हे मी मुद्दाम सांगतेय. खांद्याला कोळशाची गार भिंत लागत होती.

त्या बाजूनं कुणीतरी खाकरलं. मग माझ्या कानाशी, अगदी साध्या आवाजात —

"बाई, माझा बिल्ला घरी हाय. हणमंतू तापानं पडला हुता, म्या त्याच्या तीनशे चाळीसवर उतरलोय. वर सांगा तेवढं."

रडणं नाही, कण्हणं नाही. माझ्या खिडकीशी येऊन प्रवासी सांगतात ना, बाई पिशवी गाडीत राहिली, उदगीरच्या गाडीला फोन लावा... तस्सं.

"कोण आहे? गप्प उभं राहा," मी मोठ्यानं बोलले. दिवे लागले. डावीकडं भिंत. तळहातही जाणार नाही एवढी चिकटून. माझ्या उजवीकडं निजामाबादचे एक गृहस्थ होते, त्यांना मी झापलं, हे काय चाललंय म्हणून. त्यांची बायको मोडक्या हिंदीत म्हणाली, यांना मराठी येतच नाही. मग मी दिवा घेऊन भिंत चाचपली. स्पीकर, वायर, पाइप, काहीतरी असणार.

"क्या ढूंढते बाई?" खाजामियाँनी विचारलं. "हितं वायर टाकायची परमिशनच न्हाई."

इतरांनी काही ऐकलं नव्हतं, माझं ओरडणं सोडून.

वर येऊन दिवाघरात शिरताच मोठीआईला विचारलं, "हणमंताचा नंबर काय होता?"

"मला काय ठावं."

"पेटी घेऊन आला तेव्हा आजारी होता का तो?"

"वैशाखाच्या उन्हात घोंगडं पांघरून बसला हुता अंगणात. कापत हुता. मला वाटलं, दुःखानं. आमच्या घरचं पाणी बी घेतलं न्हाई त्यानं. का गं?"

मी ऐकलं तसं सांगितलं, एक शब्द न जोडता. खाजामियाँनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बदलीवर उतरले असतील," ते म्हणाले. "चलता था पहले. एक बीमार पडला की त्याची हजरी बुडू नये म्हणून जोडीदार त्याचा बिल्ला टाकून उतरायचा. पकडलं तर दोघं बी कामावरून जायचे. म्हणून कोण बोलत न्हाई."

जुनी दिवा-रजिस्टरं मागच्या कपाटात होती, अजून कुणी उघडलेली नव्हती. त्यांनी अर्धा तास धूळ खाल्ली. शेवटी एका पानावर थांबले. लाल शाईनं तीन नंबर खोडलेले, छत पडलं तो दिवस. त्याच पानावर ३४०, दिवा दिला, पहाटेची पाळी. परत आल्याचा रकाना कोरा. पुढं लाल शाईत एक ओळ, ती त्यांनी वाचून दाखवली. दिवा हरवला, ताकीद दिली. आणि अंगठा, शेजारी नाव. हणमंताचा अंगठा.

मी ते पान तीनदा पाहिलं. हणमंत खोलीवर तापात, आणि त्याचा दिवा खाणीत गेला आणि वर आला नाही. दिवा पायांनी चालत जात नाही. लाल शाईनं ताकीद लिहिणाऱ्याला एवढं विचारावंसं वाटलं नाही, की दिवा खाली हरवला तर तो धरणारा कुठाय? आणि हणमंत... पुढं तीस-पस्तीस वर्षं जगला तो. बिलोलीत लग्नाकार्यात पंगतीला बसायचा. मोठीआईला लोक काय म्हणतात ते त्याला माहीत होतं. नोकरी सुटल्यावर तरी तोंड उघडता आलं असतं.

रजिस्टर घेऊन मॅनेजरकडं गेले. त्यानं चष्मा लावून पाहिलं. "मॅडम, यावरून लॅम्प मिसिंग होता एवढंच सिद्ध होतं."

"फॉर्म द्या."

फॉर्म भरला. शेवटचा रकाना होता, माहिती कोणाकडून मिळाली, त्यांचं नाव, अर्जदाराशी नातं, पत्ता. मी लिहिलं... दिगंबर, चुलते, याच खाणीची खालची गल्ली.

"हे असं मी घेऊ शकत नाही," तो म्हणाला.

"खोटं लिहू का मग? घ्या आणि पोच द्या." त्यानं शिक्का मारला. साडेपाचला ऑफिस बंद होईपर्यंत मी खुर्चीवरून हलणार नाही, हे त्याला कळलं होतं.

परतताना किनवट आल्यावर मोठीआईनं विचारलं, "माझं नाव न्हाई काढलं?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. पण बोलले नाही. "नाही. एवढंच सांगितलं."

"कामाचंच बोलायचा तो," ती म्हणाली, आणि खिडकीची काच खाली केली.

चार महिने झाले. अर्ज पडून आहे, 'माहितीच्या स्रोताची खात्री होत नाही' असा शेरा मारून. दर सोमवारी मी फोन करते. मधल्या काळात कान तपासून घेतले, दोन्ही ठीक आहेत. हणमंताला मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं, लांबून. त्याचा नंबर आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हता. खाजामियाँना नव्हता, मॅनेजरला नव्हता. मग तीनशे चाळीस हा आकडा मला कुणी सांगितला? वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं शास्त्रीय उत्तर असेल तर कळवा, मी समजून घ्यायला तयार आहे. 'मनाचे खेळ' एवढंच म्हणायचं असेल तर कळवू नका. माझ्या मनाला रजिस्टर न उघडता वाचता येत नाही.

मोठीआई पंच्याहत्तरची आहे. तिला उत्तर नकोय, भिंतीवर नाव हवंय. पुढच्या महिन्यात मी पुन्हा रजा टाकली आहे. या वेळी मॅनेजरला मी खाली घेऊन जाणार, त्याला डावीकडं भिंतीशी उभं करणार, आणि खाजामियाँना सांगणार, दिवे बंद करा.